डावा कोन, उजवा कोन

मिश्कोल्त्सच्या एका तळघरात आडवी भट्टी,
भट्टीत नळी, नळीत निर्वात,
निर्वातात नीलमाची चकती, नखाएवढी,
तिच्यावर तांबं, मसुराएवढं.
एतेल्का कॅमेऱ्याची काच पुसते, फुंकर न मारता.
फुंकरीत ओल असते, म्हणते,
आणि ओलीला सगळीकडे जायचं असतं.

हजार पंच्याऐंशीला तांब्याचे कोपरे गळाले.
पडद्यावर काळा गोल, बुडाशी जरासा चपटा,
कुणी उंबऱ्यावरच टेकावं
चपला न काढता, तसा.
डावा कोन एकशे एकोणतीस.
उजवा एकशे बत्तीस.
सरासरी टाकू या, बुल्चू म्हणतो.
पोराला मार्चच्या आत पेपर धाडायचाय.
दोन्ही लिही, ती म्हणते.
थेंबाला दोन बाजू दिसतात मला,
सरासरी नावाची बाजू अजून पाहिली नाही.

अळवावरचं पाणी म्हणतो आपण.
तिच्या गावी अळू नाही.
कोबी आहे, ऑक्टोबरचा, निळसर, पानापानावर दव.
लहानपणी ती पान हळूच कलतं करायची:
घरंगळण्याआधी थेंब पुढून फुगायचा,
मागून ओढला जायचा, जायचं नसल्यासारखा.
पुढे सरतानाचा कोन वेगळा, मागे हटतानाचा वेगळा,
हे तिला सातव्या वर्षी ठाऊक होतं.
त्याचा शब्द मिळाला चाळिशीत.

बाप कल्हई करायचा.
ब्युक्कच्या डोंगरगावांतून, हातगाडीवर भाता,
लग्नाघरच्या सूपाच्या कढया.
कढई तापली की नवसागराची चिमूट,
पांढरा धूर, त्याचा तो खोकला,
मग कथलाची कांडी टेकवायची
आणि कापसाच्या बोळ्यामागे चंदेरी धावत सुटायची.
नवसागर कमी पडला
तर कथील गोळ्या गोळ्या होऊन पळायचं.
तांबं आधी उघडं पडायला हवं, सांगायचा,
झाकलेल्याला काही लागत नाही.
स्वतः फार झाकलेला माणूस.
आईला पुरलं त्या दिवशीही
संध्याकाळी त्यानं दोन कढया केल्या.

आज दुसरा नमुना.
तांब्यात टायटॅनियम, चिमटीत मावेल इतकं.
पहिली दहा मिनिटं काही नाही.
एकशे चोवीस.
एकशे चोवीस.
बुल्चू पावाचा कागद सोडतो.
एकशे चोवीस.
मग थेंबाचा पाय सरकतो.
एकशे दहा. शंभर.
नव्वदला एतेल्का उठून उभी राहते,
दर वेळी राहते,
लांबून बस दिसली की उभं राहावं तशी.
साठ.
चाळीस.
बत्तीसला थांबतो, थाळीतल्या उरलेल्या रश्शासारखा.

नीलम भिजला नाही, बुल्चू सांगतो, तोंडात घास,
आधी तो बदलला.
टायटॅनियमनं त्याचा प्राणवायू ओढून घेतला,
मध्ये एक थर धरला, केसाहून कितीतरी पातळ,
थेंब पसरला तो त्या थरावर.
एतेल्काला हे एकोणीस वर्षं माहीत आहे.
तरी ऐकते.
पोरगं छान सांगतं.

भट्टी रात्रभर निवू द्यायची, घाई केली तर तडा.
सकाळी थेंब ओढायच्या यंत्रात.
काटा चढतो.
चढतो.
बुल्चू श्वास घ्यायचं विसरतो.
कट्ट.
निघाला थेंब,
बुडाला नीलमाचा टवका घेऊन.
चकतीवर खड्डा, नुकत्या पडलेल्या दाताच्या जागेसारखा.

मग चिकटण्याचं बळ किती लिहू? बुल्चू विचारतो.
ती वही ओढून घेते.
शेरा: सांधा सुटला नाही. नीलम तुटला.
टवक्यासकट थेंब पातळ कागदात गुंडाळते,
तारीख घालते, खणात ठेवते,
जिथे एक कांडी आहे कथलाची, बोटभर उरलेली,
जिच्यावर तारीख नाही.

शेऱ्याच्या वर, कालच्याच शाईत,
बुल्चूच्या घाईच्या अक्षरात, दोन वेगळ्या ओळी:
डावा बत्तीस.
उजवा चौतीस.