किल्ली

फॉर्मवर चौकोन होता : पूर्वीचं व्यसन?
हणमंताने खरं ते सांगितलं.
गर्द. नदीकाठी, जुन्या बाजारामागे. सुटून अठरा वर्षं झाली.
डॉक्टरांचं पेन तिथेच अडलं,
मणक्यातल्या गाठीला पॅरासिटामॉल मिळालं.

तिसऱ्या दवाखान्यात बेहेरे बाईंनीही चौकोन वाचला,
मग त्याच्याकडे बघितलं. "दुखतंय किती?"
हे कुणी आधी विचारलंच नव्हतं.
मॉर्फिन. सातच दिवसांचं. रिकाम्या पट्ट्या परत आणायच्या,
किल्ली बहिणीकडे.

म्हणून मंगळवार पेठेत, माझ्या मिसळणाच्या डब्याशेजारी
आता कुलूपवाला डबा असतो.
गोळी गिळून तो जीभ दाखवतो, न सांगता,
चोरून गूळ खाल्ला नाही म्हणून दाखवायचा तशी.
रात्री दोनची तेवढी वाटीत काढून ठेवते,
माझाही डोळा लागतो.

आज अभ्रा बदलताना गोळी सापडली.
साठवतोय, मनात आलंच माझ्या.
अख्खी गादी झाडली. एकच होती.

"सहन होतंय का बघत होतो,"
भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

अभ्र्याचा कोपरा चावून चावून विरला होता.

मी तांब्या भरून आणला.
आज जीभ बघितली नाही.