प्रश्न अकरावा

डंडीच्या विद्यापीठात, ग्रंथालयाच्या सरकत्या दारापाशी
गेले नऊ दिवस मी लोकांना थांबवते आहे.
पाचच मिनिटं, म्हणते. नाव लिहायचं नाही.
टे नदीवरून येणारा वारा भरलेले फॉर्म पळवू बघतो,
म्हणून कोटाच्या खिशात एक दगड बाळगते.

पहिलाच प्रश्न: एचपीव्ही म्हणजे काय?
फर्गस, वय एकोणीस, विषय इतिहास,
म्हणाला, एचआयव्हीचा भाऊ का?
आणि स्वतःच कानांपर्यंत लाल झाला.
आयलाला शाळेतली रांग आठवते, जिममधली,
बाह्या वर करून उभ्या मुली,
पुढची धाडकन पडली, तिचा तो एक बूट निसटला,
बुटाचा रंगसुद्धा सांगते आयला.
लस कशाची होती, ते नाही आठवत.

आणि आपला संगमनेरचा ऋतुपर्ण कुलथे,
इकडेतिकडे बघून मराठीत हळूच म्हणाला,
हे आपल्यात नसतं ना गं?
मी पर्याय पुन्हा वाचून दाखवले,
पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही.
'आपल्यात' असा रकाना नव्हता.

मार्गदर्शक बाई म्हणाल्या, तुझ्या भाषेतही एक प्रत कर.
रात्री दोनला शब्दकोश उघडला.
सर्व्हिक्स: गर्भाशयमुख.
मुख!
इतकी वर्षं तिथं एक तोंड होतं,
आणि घरात कुणी त्याला बोलू दिलं नव्हतं.
आम्ही पिशवी म्हणतो.
पिशवी काढली म्हणतो, खुंटीवरून काढावी तशी.
कुंदामावशी परभणीच्या पोस्टात तिकिटं विकायची,
अंगावरून जातंय, एवढंच एकदा म्हणाली आईला,
आणि मग अंगावर काढत राहिली.
जाणं, काढणं,
एकाच अंगावर दोन क्रियापदं, दोन वर्षं.
चव्वेचाळिसाव्या वर्षी गेली.
पोटाचं होतं काहीतरी, असं सांगायचं ठरलं.
मीही तसंच सांगत आले, परवापर्यंत.

अकरावा प्रश्न: आपण स्वतः लस घेतली आहे का?
दोनशे बारा जणांना विचारला.
आयलानं फॉर्म परत देताना पेन माझ्याकडे वळवलं,
आणि तू?
मी म्हटलं, संशोधक नमुन्यात धरत नाहीत.
वाक्य बरोबर होतं.
दगड खिशात जरा जड लागला.

इथं पंचविशीच्या आत फुकट देतात.
अठरा तारखेला मला पंचवीस पूर्ण.
सोळाला गेले.
नर्सचं नाव मॉरा, हात गार, त्याबद्दल तिनं माफी मागितली,
डावा की उजवा, विचारलं,
लिहितेस कुठल्या हातानं?
लग्न झालंय का, हे विचारलंच नाही.
मी उत्तर तयार ठेवलं होतं,
ते तसंच घेऊन बाहेर आले.

आईला फोन केला तो चढावर, बसथांब्यापाशी.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग, दुखलं का गं?
मग, कुणाला सांगू नकोस हं, उगाच नसते प्रश्न.
मग आवाज इतका खाली आणून
की घरात दुसरं कुणी नसताना आणतात तसा,
माझ्या वयाला चालते का ती?

आई एक्कावन्नची.
माझ्याकडे टक्केवाऱ्या होत्या, तक्ते होते,
संदर्भसूचीत चौसष्ट लेख.
मी म्हटलं, तुझ्या वयाला तपासणी करतात, आई. ती करून घे.
कसली तपासणी?
बस आली होती, दार उघडून थांबली होती,
ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता,
मी जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं,
मुखाची.

तोंडाची? आई म्हणाली,
अगं, दात चांगले आहेत की माझे.

बस जाऊ दिली.
दुखरा दंड धरून तिथंच बाकावर बसले,
म्हटलं, नाही आई, थांब,
पहिल्यापासून सांगते.