आधी वही वाच

किल्ली मागू नकोस इतक्यात.
आधी चहा घे, वही वाच,
बूट पायपुसण्यावर नीट घास;
मेंढ्यांनी अंगणाची पार रया घालवली आहे.

टेगिद ना तू? रेक्समहून आलास, एवढ्या पावसात?
बरंच झालं.
गाडी पावसातच बघावी,
उन्हात सगळ्याच देखण्या असतात.

तर ऐक. ही खरी नाही.
इद्वालने कधी कुणाला खरी म्हणून सांगितली नाही.
पेट्रोल भरताना लोक विचारायचे, कुठल्या सालची हो?
तो म्हणायचा, आकार साठ सालचा,
बाकी सगळं माझ्या पेन्शनीचं.

अंग फायबरचं. ठोकून बघ, रिकाम्या डब्यासारखं वाजेल.
ते गंजत नाही.
पण गुडघे टेक, खाली वाक, सांगाडा बघ.
तो लोखंडी आहे, आणि समुद्र इथून तीन मैलांवर.
डाव्या मागच्या चाकाशी एक जाडंभरडं वेल्डिंग दिसेल,
ते माझं.
त्याचे हात थरथरायला लागले होते तोवर.

वहीत सगळ्या उसनवारीचा हिशोब आहे:
इंजिन एका टॅक्सीचं,
गिअरबॉक्स डोल्गेलायच्या शाळामास्तरच्या ठोकलेल्या गाडीचा,
वायपरची मोटर पाववाल्याच्या व्हॅनची.
सुटा भाग हवा असला की दुकानात या गाडीचं नाव सांगू नकोस,
हसतात.
वही उघड, व्हॅनचं नाव सांग.

विमावाला फोनवर साल विचारेल.
नक्कल आहे म्हण, घरी बांधलेली म्हण,
आणि किंमत आधीच लिहून घे, फोटोंसकट.
नाहीतर कुठे धडकलास
तर टॅक्सीच्या भावात मोजून देईल.
तपासणी दरवर्षी. खऱ्या म्हाताऱ्या गाड्यांना माफ असते,
ही दिसते साठीची, कागदावर एकोणीसची.

पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आला
की टाकी संपली समज.
बाजूच्या धुराड्याने उतरताना पोटरी भाजते.
पहिल्यांदा सगळ्यांची भाजते,
माझी दोनदा.
छप्पर चढवायला दोन माणसं, अकरा मिनिटं
आणि एक भांडण लागतं.
लग्न झालंय तुझं?
नाही, सहज विचारलं.

पावत्या बिस्किटांच्या डब्यात आहेत.
अर्ध्या त्याने माझ्यापासून लपवल्या होत्या,
अर्ध्या मला सापडल्या तरी मी न सापडल्यासारखं केलं.
बेरीज मी केली नाही. तूही करू नकोस.
पावत्या बघून भाव वाढवणार नाही मी,
आणि तू रेडिओ बंद आहे म्हणून पाडू नकोस.
रेडिओ कधी नव्हताच, नुसती बटणं आहेत.

एकदा हार्लेकला एक माणूस भेटला, अस्सल गाडीवाला.
म्हणे नऊ वर्षं तिच्यावर पांघरूण आहे,
बाहेर काढली की किंमत उतरते.
परत येताना इद्वाल सगळा घाट गप्प होता.
मला वाटलं, जळला.
घरी येऊन मोजे वाळत घालता घालता म्हणाला,
बिचारा.

चाळिसाव्या पानावर एक ओळ कोरी आहे.
आतला छोटा आरसा, कुठून आणला, लिहिलेलं नाही.
माझ्या लाल मिनीचा तो.
न विचारता काढला होता,
चार दिवस मी त्याच्याशी बोलले नव्हते.
राहू दे, राहू दे, स्क्रू काढू नकोस,
मागून येणारं दिसायला हवं तुला.

रिव्हर्स वर उचलून डावीकडे. जोर लावू नकोस,
घरघरलं तर थांब, पुन्हा टाक.
ही घे.
नाही, मी नाही बसत.
हळूच मागे घे,
मी फाटक धरते, वाऱ्याने मिटतं ते.