मोजणी

एप्रिलमध्ये सावा नदी अंग आवरते,
कुरणावर गाळ राहतो, मासळीचा वास राहतो,
आणि वीतभर गवतात
मान खाली घालून ती जांभळी फुलं उघडतात.
पाकळ्यांवर चौकड्या,
जणू कुणी ओल्या कापडावर पट आखला
आणि सोंगट्या मांडायचं विसरून गेला.
आमच्याकडे तिला कोत्स्कावित्सा म्हणतात.
तोंडभरून नाव, फूल एवढंसं.

एकोणीस वर्षं मी ती बांधावरून मोजली,
मियातच्या दुर्बिणीतून, जिची एक काच तडकलेली.
कुरण माझं, कागद माझ्या नावावर,
पण लाल फितीच्या अलीकडे उभं राहायचं
एवढाच माझा हक्क.
पलीकडे लढाईनं पेरून ठेवलं होतं,
आणि पूर आला की ते पेरलेलं जागा बदलायचं.
मियात, माझा भाऊ, शिंगरू आणायला गेला होता.
शिंगरू परत आलं.

शहरातून माणसं यायची, कॅमेरे घेऊन. म्हणायची,
आजी, माणूस हटला की रान कसं बहरतं बघा.
मी त्यांना कॉफी द्यायचे. वाद घालत नसे.
पहिल्या साली चारशे बारा.
मग दोनशेच्या आसपास. मग झुडपं घुसली, विलो घुसले,
गवतावर गवत कुजून त्याची गादी झाली
आणि गादीखाली कंद गुदमरले.
गेल्या वर्षी सव्वीस.
हे फूल विळ्यावर जगतं, बाबांनो.
बी पडलं की कुणीतरी कापायला लागतं,
दर साली, न चुकता.
जिथं कुणी जात नाही तिथं ते मरतं.

मग ब्लाझ आला, सुरुंग काढणारा.
छातीवर जड चिलखत, तोंडावर काच,
हातात विणायच्या सुईसारखी लांब सळई.
मीटरभर रुंदीची पट्टी, गुडघे टेकलेले,
तिरकस टोचायचं, थांबायचं,
दोन बोटं पुढं, पुन्हा टोचायचं.
चर्चमध्येसुद्धा इतका वेळ गुडघ्यांवर
कुणाला पाहिलं नव्हतं मी.

संध्याकाळी माझ्या पायरीवर बसून तो हिशेब द्यायचा.
आज घोड्याची नाल. आज सार्डिनचा डबा.
आज दोन, खरे.
आज सळईला काहीतरी लागलं, याल्झामावशी,
श्वास धरून बोटांनी माती बाजूला केली,
तर लसणाच्या पाकळीएवढा कंद.
"मग?"
"झाकला परत. शेजारी छोटा झेंडा लावला."
मी म्हटलं, बी रुजल्यापासून फूल यायला
सहा-सात वर्षं घेतो तो.
"मी एका पट्टीला एक दिवस घेतो," तो म्हणाला,
"जमेल आमचं."

जुलैत फीत निघाली.
फुलं आता फुलं नव्हती, बोंडं होती.
दुर्बिणीतून हे कधी दिसलं नव्हतं मला,
विसरलेच होते:
फुलात असताना मान खाली,
पण बी धरलं की देठ ताठ होतो,
बोंड आभाळाकडे बघतं.
हलवलं तर खुळखुळतं.

मियातचा लांब दांड्याचा विळा काढला,
दांड्यावर त्यानं तापल्या खिळ्यानं डागलेलं
स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर.
दगडावर पाणी, पात्यावर दगड.
तो आवाज अनोळखी वाटून
शेजारचा कुत्रा भुंकत सुटला.

ब्लाझ निरोप घ्यायला आला होता, साध्या शर्टात.
म्हटलं, चल, दोन हात मार.
तो फीत होती तिथवर आला आणि थांबला.
पाऊल उचललं, तसंच धरलं.
ज्यानं वीत न वीत तपासली होती
त्याच्या पायाला अजून पटत नव्हतं.

मी पुढं झाले.
"कागदावर सही तूच केलीस ना?"
गवत ओलं होतं, टाचेखाली पाणी पचपचत होतं.
पाचव्या-सहाव्या फटकाऱ्यानंतर
मागून दुसरी पचपच ऐकू आली,
अगदी माझ्याच पावलांच्या ठशांत.