शनिवारपुरतं

बेलमलेटला ऊन येतं ते आडवं,
समुद्रावरून सरपटत, कुणी बोलावलं नसताना,
आणि नेमकं फिंटन गेरॅटीच्या शववाहिकेवर थबकतं.
मग सगळं दिसतं.

काळा रंग पोटात काही ठेवत नाही.
पांढऱ्या व्हॅनचं बरं असतं,
वर्षभर खरवडली तरी ब्र काढत नाही.
इथे सूर्याभोवती जाळं,
कोळ्यानं रात्रभर जागून विणल्यासारखं.
मी हातातला दिवा हलवतो,
जाळं दिव्यामागोमाग सरकतं.
म्हणजे ओरखडे सगळ्या दिशांना आहेत, अंगभर.
उजेड आपल्याभोवतीचे तेवढे निवडतो.

"मिठानं झालं असेल," फिंटन म्हणतो. "खारा वारा."
पुसण्यानं झालंय, फिंटन.
दर अंत्ययात्रेआधी तुझ्या बापानं
कोरड्या फडक्यानं धूळ टिपली, त्या मायेनं.
वाळूचा एक कण पुरतो,
आणि बेलमलेटला वाळूची ददात नाही.

आता बाटली.
करडं कंपाऊंड एका फेरीत होत्याचं नव्हतं करेल,
पण मागे धुकं ठेवेल;
ते धुकं निस्तरायला दुसरी बाटली,
दुसरीचं तिसरीनं.
मधलीचे कण घासता घासता स्वतःच झिजतात,
ती मला माणसासारखी वाटते.
सगळ्यात बारीक ती दुधासारखी, तिला घाई चालत नाही.
आणि एक खालच्या फळीवर, कापडाआड:
ती काढत काहीच नाही, नुसतं बुजवते.
दोन धुण्यांत पितळ उघडं.
मी तिला खोटारडी म्हणतो.

सुरुवात नेहमी मवाळानं.
रंगावरचा तो पारदर्शक थर केसाच्या जाडीचा,
आणि माझ्या धंद्यात चढवत कुणी नाही,
सगळे उतरवतातच.

बॉनेटवर टेप लावून वीतभर चौकोन आखला.
दुधाळ: जाळं विरळ झालं, गेलं नाही.
मधली, पिवळा स्पंज, चार फेऱ्या, हात हलका:
छताची ट्यूबलाइट रंगात सरळ उतरली,
तिच्याखाली माझं नाक, दाढीतला पांढरा पट्टा.
ठरलं, मधलीच.

दुपारपर्यंत डावी बाजू झाली, टप झाला.
मोजणीयंत्र बोलत होतं: एकशे बारा मायक्रॉन,
एकशे अठरा, एकशे पाच.
मग मागचं दार, कडीशेजारी:
एकसष्ट.
पुसून पुन्हा धरलं. अठ्ठावन्न.
तळहाताएवढी जागा.

फिंटन चहा घेऊन आला.
"तिथे लोक हात ठेवतात," तो म्हणाला.
"दार लावल्यावर, गाडी हलायच्या आत."
बोटात अंगठ्या असतात.
आणि बाबा त्याच रात्री घासून काढायचे,
पुढच्या घराला मागच्या घराचा ओरखडा दिसू नये म्हणून.
एकोणीस वर्षं.

मी नखानं चाचपलं. पाच रेघा होत्या, सरळ.
एक ताजी, मंगळवारची, ब्रीज पॅडनची;
ती हात उचलतच नव्हती म्हणे.

मधली बाटली मी खाली ठेवली.
दुधाळही ठेवली.
इथून आता काढण्यासारखं उरलंय
ते काढलं तर खाली नुसता रंग, उघडा,
दोन उन्हाळ्यांत चुन्यासारखा होईल.
शनिवारी कोलमन लॅव्हेलला न्यायचं होतं.

गुडघ्यावर बसलो, कापड बाजूला केलं.
बोटाच्या पेरावर वाटाण्याएवढा थेंब,
मशीन नको, अंगठ्याला गुंडाळलेलं फडकं पुरे.
रेघा एकेक करून मिटल्या,
म्हणजे मिटल्यासारख्या दिसल्या.

"टिकेल?" फिंटन.
"शनिवारपर्यंत."
"तेवढंच लागतं," तो म्हणाला,
आणि रविवारी पुन्हा येशील का, ते विचारलं नाही.

चहा गार झाला होता.
तो आम्ही प्यायलो दोघंही,
उभ्यानं, दाराला न टेकता.