मधलं

आजोबा छोट्या लाइनवर सांधेवाले होते,
श्योपूरच्या गाडीला रूळ बदलून देणारे.
भाऊंनीही सांधेच केले, पण हाडांचे.
मेडिकल कॉलेजच्या मागच्या खोलीत
पितळी तार, हातड्रिल,
आणि सोड्यात उकळून गच्चीवर वाळवलेली हाडं.
ग्वाल्हेरचं ऊन त्याला बरं, म्हणायचे.

मी तेव्हा आठवीत.
उखळीचा सांधा, बिजागरीचा सांधा, खिळीचा सांधा,
मी घोकायची. ते मान वर न करता:
"पाठ नको करूस. खांदा फिरव."
फिरवला.
"आता कोपर तसंच फिरव."
फिरेना.
"हं. झाला धडा."

रामसनेही दारातूनच चहा पुढे करायचा.
आत पाऊल नाही.
रात्री हे उठून चालत तर नाहीत, भाऊसाब?
"चालतील कशाने? सगळं जोडलं,
मधलं माझ्याकडे कुठे होतं."

मधलं म्हणजे कूर्चेची साय.
आणि अंड्यातल्या पांढऱ्यासारखं वंगण,
चमचाभरसुद्धा नाही,
चालत राहिलं तरच अंगी लागणारं.
तार हाड धरून ठेवते,
त्याला वळायचं मनात आणून देत नाही.

कवटीला मात्र तार लागत नसे.
तिच्या शिवणी आपल्याआपण घट्ट होतात.
जबड्याला दोन स्प्रिंगा, त्या फालका बाजारातून,
कुलपं दुरुस्त करणाऱ्याकडून.
कशाला हव्यात, हे त्याने कधी विचारलं नाही.

आता लश्करातल्या या खोलीत
त्यांचा उजवा गुडघा माझ्या दोन्ही हातांत आहे.
नवा. धातूचा, प्लास्टिकचा. कातडीवर एकवीस टाके होते.
कुशवाहांची मुलगी व्यायाम शिकवून गेली,
म्हणाली, महिन्यात नव्वद अंश यायला हवा.
पन्नासला भाऊ डोळे मिटतात.
साठला शिवी, आजोबांच्या वेळची, रेल्वेतली.

"रूळ बदलताना फट दिसायची," मधेच म्हणतात.
"मी विचारलं होतं, गाडी पडत नाही का?
बाप म्हणाला, फट आहे म्हणून वळते.
बुजवून टाक, मग जाईल सरळ तळ्यात."

मी पुन्हा धरते. टाच सरकते चादरीवर.
माझं मनगट, माझं कोपर, माझा खांदा,
आणि त्यांच्यामागून त्यांचा गुडघा.
मधे तार नाही.

"पंचाहत्तर," मी म्हणते.

"खोटं," डोळे मिटूनच ते म्हणतात,
"अडुसष्ट.
बाकीचं तुझं कोपर वाकलं."