दीड मात्रा

तबकडी मिरजेत आली
मिशन हॉस्पिटलातल्या एका अमेरिकन नर्सच्या ट्रंकेतून,
स्वेटरात गुंडाळलेली.
लेबल निळं, नाव अर्धं खरवडलेलं.
गाणारी बाई कोण, कुणालाच ठाऊक नव्हतं.
आवाज मात्र असा,
की चुलीवर पाणी ठेवून ती वाट बघतेय
आणि पाणी आटत चाललंय.

माझी राहेलमावशी तिथं आया होती.
नर्सबाई मायदेशी निघाल्या त्या दिवशी
क्वार्टरच्या तिसऱ्या पायरीवर
मावशीच्या हातून तबकडी निसटली.
फुटली नाही. केसाएवढी चीर गेली.
बाई म्हणाल्या, असू दे, तुलाच ठेव.

कंपाउंडर अहिऱ्यांच्या ग्रामोफोनवर
त्या चिरेशी आली की सुई उडी मारायची.
दीड मात्रा गिळून
बाई पुढच्या शब्दावर धपकन पडायची.

दस्तगीर क्लॅरिनेटवाल्यानं गाणं उचललं
अहिऱ्यांच्या खिडकीखाली, सात संध्याकाळ उभं राहून.
इंग्रजी येत नव्हतं.
उडीसकट उचललं.
साइड ड्रमवर इराप्पा, झांजांवर मी;
त्या जागी आम्ही सगळे हात वर धरून गप्प.
वरातीतली घोडीसुद्धा शिकली,
तिथं पाय उचलून थांबायची.

मग ते पसरलं.
तासगावच्या ऑर्केस्ट्रात त्याला मराठी शब्द फुटले,
द्राक्षांचे आणि दाजींचे.
कवठ्याच्या फडात गुलछबूबाईनं
नेमक्या त्या मोकळ्या जागेत डोळा मारला
आणि फेटे उडाले.
नगरपालिकेला दोन्ही पॅनेलांनी
एकाच चालीवर एकमेकांचे बाप काढले.
सांगलीच्या यार्डात एक हमाल
हळदीचं पोतं पाठीवर घेताना
तिथंच श्वास सोडायचा.
मी विचारलं, कुठलं रे हे?
म्हणाला, आमचंच हाय. जुनं.

परवा नातीनं फोनवर मूळ गाणं काढून दिलं.
उडी नाही.
बाई सपाट रस्त्यानं सरळ चालत जाते.
खरं सांगतो, मला वाटलं
ही आपली नक्कल करतेय,
आणि चुकलीय.
नात म्हणाली, आजोबा, हेही मूळ नाही म्हणे;
हिच्याआधी कापसाच्या गोदामात
कुणीतरी एक बाई हे म्हणायची.
तिचं नाव लिहायचं राहून गेलं.
पैसे मात्र मिळाले
तिसऱ्याच कुणाला तरी.

दस्तगीर नाही आता. इराप्पाही नाही.
तबकडी कुठं गेली विचारू नका,
अहिऱ्यांच्या सुनेनं तिच्यावर कुंडी ठेवली होती
एवढं आठवतं.

मावशी आहे. चौऱ्याण्णव.
फोन तिच्या कानाशी नेला.
कितीतरी वेळ काही नाही.
मग बोट हललं, गोधडीवर, ठेक्यात,
आणि त्या जागी
वर उचललेलं तसंच राहिलं.
फोनमधली बाई थांबली नाही,
निघून गेली पुढं.

मावशीनं डोळे उघडले.
म्हणाली,
तिला सांग की रं,
पायरी हाय तिथं.